जमेत न धरलेले मैल

कार्तिक वद्य ४, शके १८५१. बीड.

शाळा सोडून आज आठवडा झाला. चौदा वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, आता मोटारीमागं धूर खात उभा राहतो. मोहनराव देशमुखांनी जालन्याहून जुनी लारी आणली, तालुकदार साहेबांकडून बीड-गेवराई सडकेवर उतारू न्यायची इजाजत काढली आणि मला बोलावून म्हणाले, "मास्तर, मोटार तुमी सांभाळा. आपल्याला हिशेबी माणूस पायजे." मी लगेच हो म्हणालो. माझं हे असंच होतं. घरी येऊन मनकर्णेला सांगितलं तर ती म्हणाली, "इचारायचं तरी." कुणाला विचारायचं? बायकोला?

मोटारीला मैल दाखवणारं एक घड्याळ असतं. आमच्या मोटारीचं बंद आहे, काटा हलत नाही. गाडी ताब्यात देताना जालन्याच्या मिस्त्रीनं बजावलं, "हजार मैलाला इंजनाचं तेल बदला. तीन हजाराला ब्रेकच्या पट्ट्या. तेल चुकलं तर मोटार मरंल. पट्ट्या चुकल्या तर माणसं मरतील, उतारावर गाडी कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई." या पट्ट्या मुंबईहून मागवाव्या लागतात, यायला पंधरा-वीस दिवस जातात. म्हणजे झिजायच्या आधीच ओळखायचं. मी म्हणालो, घड्याळ नसलं तर नसलं, मैल मी सांगत जाईन. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. जेवताना भाजीत मीठ नव्हतं म्हणे. मला कळलंच नाही.

कार्तिक वद्य ६

चाकाचा घेर दोरीनं मोजला. चाकाला तांबडी चिंधी बांधली आणि मोटारीच्या पायरीवर बसून, चिंधी किती वेळा वर येते ते मोजत निघालो. बंकट हाकत होता. बंकट म्हणजे आमचा ड्रायव्हर. आधी मोहनरावांच्या शेतावर बैल हाकायचा, तिथून थेट मोटारीवर आला, त्यामुळे वळणावर अजून तोंडानं "हो, हो" करतो. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत मोजणी ठीक चालली. मग चिंधीही गरगर आणि मीही गरगर. ओढ्यात बसून पोटातलं सगळं बाहेर काढलं. मला मोटार लागते हे मला आज कळलं, नोकरी सोडल्यावर.

बंकट म्हणतो, "मास्तर, तुमी आपले अड्ड्यावर बसा. मोटार लोकायसाठी ऱ्हाऊ द्या." उतारू फिदीफिदी हसले.

पण गणित सुटलं. सडकेला सरकारनं मैलाचे दगड लावलेत. बीड ते गेवराई वीस. जाऊन येऊन चाळीस. खेपा गुणिले चाळीस, संपलं. चिंधी कशाला पाहिजे? घरच्या भिंतीवर रोज संध्याकाळी कोळशाची एक रेघ ओढायची. पंचविसाव्या रेघेला तेल, पंचाहत्तराव्या रेघेला पट्ट्या, आणि साठावी आली की मुंबईला पत्र. मनकर्णा म्हणाली, "भिंत कालच सारवलीया." तिला यातली गंमत कळत नाही.

कार्तिक वद्य ९

आज दिवसच खराब गेला. अड्ड्यावर तलवाड्याचा शहादेव आला. माझा मेहुणा. मी त्याच्याकडं पाठ केली आणि टायरात हवा आहे का ते दाबून बघत राहिलो. तो माझ्या पाठीलाच म्हणाला, "दाजी, आईचं डावं अंग गेलंय. इथल्या हकीमसाहेबांचा काढा लागू पडतोय, पण रोज ताजा न्यावा लागतो. सुगी चालू हाय, मला रोज येणं होत न्हाई. आक्काला चार दिस तरी धाडा."

मी दुसऱ्या टायराकडं वळलो. परसाल अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण म्हणून याच लोकांनी मला बोलावलं, आणि मला, थोरल्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. पहिल्या पंगतीला धाकटा, कारण त्याचा बाप पाटील. भरल्या ताटावरून उठलो आणि सांगितलं, या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही आणि माझी बायकोही ओलांडणार नाही. शब्द म्हणजे शब्द. म्हातारी आजारी आहे हे वाईटच. पण म्हणून झालं ते न झाल्यासारखं कसं करायचं?

शहादेव बराच वेळ बंकटशी बोलत उभा होता, मग गेला. घरी मी काहीच बोललो नाही. मनकर्णेचे डोळे मात्र सुजलेले होते. ओली लाकडं आणून टाकतात लेकाचे, घरभर नुसता धूर.

मार्गशीर्ष शुद्ध २

मोटार सुरळीत. मनकर्णेचा मोटारीत भलताच जीव बसलाय. बंकटला रोज भाकरी बांधून देते, एक नाही दोन गाठोडी. मी म्हणालो, हा काय दोन बैलांचं खातो का? ती म्हणाली, "दिसभर उन्हातान्हात असतो. माणूस हाय." संध्याकाळी मोटार येईपर्यंत दारात उभी असते आणि बंकट किल्ली द्यायला आला की आधी ती पुढं होते. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच कामात तिनं असं लक्ष घातलं नव्हतं. बरं वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध ११

पेट्रोल जास्त जातंय. गणितात बसत नाही. पेट्रोलवाल्याशी भांडलो, म्हणालो तू डबे कमी भरतोस. त्यानं अड्ड्यातल्या पन्नास माणसांसमोर मापानं ओतून दाखवलं, डबा पुरा भरला. खाली बघून परत आलो. मग ध्यानात आलं, पेट्रोल उन्हानं उडत असणार. गेवराईला उतारू उतरले की परतीच्या वेळेपर्यंत मोटार दुपारभर उन्हात उभी असते. बंकटला ताकीद दिली, झाडाखाली लावत जा. तो "जी" म्हणाला आणि मान खाली घातली. बिचारा मानी आहे, एवढं बोललेलंही लागतं त्याला.

टायरांत बाभळीचे काटे निघाले. सडकेला तर दोन्ही अंगांनी कडुलिंबं आहेत. आता हे कुठून आले?

मार्गशीर्ष वद्य १०

पंचविसावी रेघ. तेल बदललं. जुनं तेल डांबरासारखं निघालं. बंकट बोटांवर घेऊन म्हणाला, "लई जळलंय, मास्तर. जरा आदीच बदलायला पायजे व्हतं."

मी म्हणालो, "हजार म्हणजे हजार. तुला मोजता येतं का बे?"

"न्हाई येत," म्हणाला. पण माझ्याकडं बघितलं असं की दिवसभर डोक्यातून गेलं नाही. अड्ड्यावर नुसत्या येरझारा घातल्या. हमाल विचारत होते, मास्तर काही हरवलं का.

पौष शुद्ध ६

टायरपायी आठ दिवस मोटार बसून होती. तेवढे दिवस मनकर्णा घरात जळत्या निखाऱ्यावर उभी असल्यासारखी. उठते, बसते, दारात जाते, परत येते. मला म्हणते, "कधी सुटंल मोटार?" मी तिला समजावलं की धंद्यात असं चालायचंच, एवढं मनाला लावून घेऊ नये. तिनं ऐकून घेतलं.

पौष पौर्णिमा. संक्रांत.

तीळ भाजता भाजता मनकर्णा एकदम म्हणाली, "आई आता हात उचलती." चेहरा उजळलेला. मी विचारलं, कुणाची आई? तिनं तीळ भराभर हलवले. मग म्हणाली, "शेजारच्या बायनाबाईची." बायनाबाईला आई आहे हे मला माहीतच नव्हतं. बाई स्वतःच साठीच्या पुढची आहे.

मोटारीत आसनाखाली हकीमसाहेबांच्या दवाखान्यातली बाटली सापडली, चिंध्यांत गुंडाळून ठेवलेली. बंकट म्हणतो खोकल्याची आहे. त्याला मी एकदाही खोकताना ऐकलेलं नाही. हाकताना शिंदीबिंदी घेतो की काय म्हणून वास घेतला. कडू काढा. मग खोकला असेलही. मला आताशा सगळ्यांचाच संशय येतो, हे काही खरं नाही.

माघ शुद्ध ३

मोहनरावांनी आज नवं काढलं. एकादशीला नारायणगडावर जत्रा आहे, मोटार भरून माणसं न्यायची. त्यांच्या आई साखराबाईही येणार, पुढच्या आसनावर. मोटार पहिल्यांदाच गड चढणार, म्हणून गावात आतापासूनच बोलणं चालू झालंय. चढाचं काही नाही. परतीचा उतार मात्र वाकडा आहे, एका अंगाला खोल घळ.

रेघा मोजल्या. पन्नासच्याही आत आहेत. पट्ट्यांना अजून हजार मैल आहेत, मुंबईला पत्र लिहायचीसुद्धा वेळ आलेली नाही. तसं मोहनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी हाय म्हणूनच बिनघोर हाय, मास्तर."

बंकट मागून आला. "पाय दाबला की ब्रेक पार तळाला जातोय. येकदा चाक काढून बघू."

"चाक काढायला जालन्याचा मिस्त्री लागतो. आणि काढायचं कशाला? गणित आहे ना."

तो अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी म्हणालो, बोल. तो म्हणाला, "काय न्हाई," आणि गेला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रेघा पुन्हा मोजल्या. बरोबर आहेत.

माघ शुद्ध ७

जेवायला वाढता वाढता मनकर्णेनं विचारलं, "येका खेपंत मैल वाढले तर तुमच्या रेघंचं कसं?"

"कुठून वाढतील?"

"समजा, मोटार आडवाटंनं गेली."

"सडकेची मोटार आडवाटेला कशाला जाईल?"

तिनं भाकरी वाढली. मग म्हणाली, "गेवराईहून तलवाडा किती मैल हाय?"

ते नाव निघालं आणि माझं डोकं गेलं. ताट सरकवलं. म्हणालो, या घरात त्या गावाचं नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं की नव्हतं? तिनं ताट पुन्हा पुढं केलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बरं, न्हाई घेत. पण तुमी जत्रेच्या आदी पट्ट्या बदला."

आता बायका मला मोटार शिकवणार. तरी मी राग गिळून म्हणालो, तूही चल गडावर, साखराबाईंशेजारी बस. ती म्हणाली, "म्या न्हाई बसणार तिच्यात. तुमीबी कुणाला बसवू नका." आणि रडायला लागली. दर्शनाला चल म्हटलं तर रडण्यासारखं काय आहे? मला माझ्याच घरात काही समजेनासं झालंय.

माघ शुद्ध ११. एकादशी.

दुपार आहे. अक्षर वाकडं येतंय. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी अड्ड्यावर मोटार भरली. तीसेक माणसं, लेकरं मांडीवर, नारळांच्या पिशव्या. साखराबाई पुढं बसल्या होत्या. बंकट इंजन फिरवायचं हँडल हातात घेऊन नुसता उभा. मी खेकसलो तरी हलेना. तेवढ्यात मनकर्णा आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोटारीच्या तोंडापुढं, धुळीत, मांडी घालून बसली.

मी म्हणालो, "ऊठ, घरी चल." ती उठली नाही. माझ्याकडं न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांच्या रेघा कमी हायत. रोज गेवराईला उतारू उतरले की मोटार तलवाड्याला जाती. माझ्या आईला काढा अन् जेवण घिऊन. म्याच बंकटभाऊला सांगितलं. पयल्या आठवड्यापासून येक खेप चुकली न्हाई. बिरेक गेलेत. तुमी हिच्यात बसू नका."

 ब्रेकचं मला त्या वेळी काही सुचलं नाही. सुचलं एवढंच की अडीच महिने माझ्या नाकाखाली, माझ्याच मोटारीनं, माझाच शब्द मोडला गेला, आणि आता ते सबंध बीडनं ऐकलं. हात उठला. साखराबाई वरून बघत होत्या, म्हणून खाली आला.

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरची मोटार सासुरवाडीला दवा व्हाती व्हय." हशा झाला. मोहनरावांचं तोंड लाल. "मास्तर, बाईमाणसाच्या बोलण्यावर जत्रा मोडायची का? सांगा यांना, खोटं हाय म्हणून. बंकट, मार हँडल."

सगळे माझ्याकडं बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की ती माहेरच्या ओढीनं बरळतेय. लोकांनी मानलं असतं. इभ्रत राहिली असती. तोंड उघडलंही होतं. पण चौदा वर्षांची खोड, डोक्यात गुणाकार आपला आपण चालू झाला. गेवराई ते तलवाडा नऊ मैल. जाऊन येऊन अठरा. चाळीस आणि अठरा अठ्ठावन्न. काल रात्रीपर्यंतच्या रेघा त्रेपन्न. तीन हजारांच्या वर जात होतं. पेट्रोल, काटे, काळं तेल, सगळं त्या आकड्यात नीट बसत होतं. इतके दिवस कशातच न बसलेलं.

मी म्हणालो, "उतरा. सगळे उतरा."

मोहनराव म्हणाले, "याचा जाब द्यावा लागंल." मी म्हणालो, देईन. साखराबाईंनी कुणाला काही न विचारता गाडी जुंपायला सांगितली आणि मनकर्णेच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. माणसं शिव्या घालत बैलगाड्यांनी निघाली. मी घरी आलो. मनकर्णा माझ्या मागं वीस पावलांवरून येत होती.   संताप आहे, पण तो नेमका कशाचा ते धरता येत नाही.

माघ शुद्ध १४

जालन्याचा मिस्त्री आला. चाकं काढली. पट्ट्या उरल्याच नव्हत्या, नुसते खिळे लोखंडाला घासून चर पडले होते. मिस्त्री मोहनरावांना म्हणाला, "गडाचं पयलं वळणसुदिक झालं नसतं." मोहनराव उकिडवे बसून त्या चरांवरून बोट फिरवत राहिले. त्यांची आई पुढच्या आसनावर बसणार होती. उठताना म्हणाले, "मुंबईला पत्र लिवा, मास्तर." जाबाचं पुन्हा काढलं नाही.

बंकट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काढून टाकायचं तर टाका. पण म्हातारी दारात खाट टाकून मोटारीची वाट बघायची. म्या कसा चुकवणार?" मी म्हणालो, जा, चाकं धुऊन काढ.

घरात अबोला आहे. ती वाढते, मी जेवतो. मोटार नसल्यानं काढा जात नाही हे दोघांनाही माहीत आहे. ती दारात जात नाही आता. कोपऱ्यात बसून निवडलेले तांदूळ परत निवडते. मला बसवत नाही, उभं राहवत नाही.

माघ वद्य ४. तलवाडा.

काल शहादेव आला. या वेळी माझ्याशी काही बोलला नाही, सरळ हकीमसाहेबांकडं गेला. मी मागून गेलो. तो म्हणाला, "काढा तुटला तसा हात पुन्हा पडला. मोटार कधी येती म्हणून इचारती." मीच बाटली भरून घेतली. मोहनरावांकडून बैलगाडी मागितली. घरी येऊन मनकर्णेला म्हणालो, "चल." तिनं कुठं म्हणून विचारलं नाही. चुलीवरचं तसंच ठेवून आली.

गाडी शहादेव हाकत होता. रात्री गेवराईच्या धर्मशाळेत उतरलो, सकाळी पुढं निघालो. गेवराई सोडली की बाभळीच बाभळी. चाकोरीत मोटारीच्या टायरांचे वळ अजून दिसत होते, जाणारे आणि येणारे.

उंबऱ्यापाशी माझे पाय अडखळले. मनकर्णा आत गेली होती. मी जोडे काढत बराच वेळ घालवला आणि मग गेलो. सासूबाई, छबुबाई, खाटेवर होत्या. चिमणीएवढ्या झाल्यात. माझ्याकडं बघून डाव्या अंगावरचा पदर उजव्या हातानं ओढायची धडपड केली. बोलणं जड झालंय, कान जवळ न्यावा लागतो.

म्हणाल्या, "जावईबापू, सोता कशापायी आला? काम टाकून?"

मी म्हणालो, "मोटार बिघडलीय."

"माझ्यापायी बिघडली. मनकर्णेचा पयल्या दिशीच निरोप व्हता, यांनीच धाडलीया म्हून. म्या तवाच शादेवला म्हनलं, बघ, पंगतीचं मनात धरलं न्हाई त्येनी. आपुन येवडं चुकलो, तरी रोज मोटार धाडत्यात." श्वास घ्यायला थांबल्या. "किती तेल जळत आसंल. आता रोज नका धाडू. आठवड्यातून येकदा आली तरी पुरं."

शहादेव दारात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याला सगळं माहीत आहे. बंकटला माहीत आहे. या घरात फक्त या बाईला माहीत नाही.

 बाटलीचं बूच निघता निघेना. वाटीत काढा ओतला आणि त्यांचं डोकं हातावर घेऊन पाजला. बराचसा हनुवटीवरून सांडला, तो माझ्या उपरण्यानं पुसला.

म्हणालो, "न्हाई आई, मोटार रोज येईल."

मनकर्णा तिथंच चुलीपाशी पाठमोरी बसली होती. फुंकणी हातात होती, पण फुंकत नव्हती.